चपटी फळी

जूनमध्ये आमच्या लेसोथोत हिवाळा.
मालोतीचे डोंगर पार पायथ्यापर्यंत पांढरे,
शाळेच्या नळाला बर्फाची दाढी,
आणि सकाळी खुराड्यात दोन कोंबड्या
सरपणासारख्या ताठ.

मी गणिताची बाई. कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्या,
कारण बैठकीत मी खिडकीबाहेर बघत बसले होते
आणि मामोलेफी बाईंनी विचारलं, "कोणाची हरकत?"

वहीत लिहिलं, एकतीस वजा दोन.
वजाचं चिन्ह इतकं आडवं,
इतकं निजलेलं
आधी कधी दिसलं नव्हतं.

मग आम्ही खुराडं बंदिस्त केलं.
पत्र्याची फट न् फट बुजवली,
पोती, चिंध्या, शेण, गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका.
सातवीतली न्थातुवा आत वाकून म्हणाली,
"आता ऊब आली."
आठ दिवसांनी दार उघडलं
तर डोळ्यांत मिरची गेल्यासारखा वास,
पत्र्याला आतून घाम,
तुऱ्यांची टोकं काळीठिक्कर.
आणखी तीन गेल्या.
त्यांत मंत्रीपण.
पोरांनीच ठेवलेलं नाव ते,
कारण अंडं कधी घालायची नाही
आणि दाण्याला सगळ्यांच्या पुढे.

सेकाके आमच्या पटावर नाही.
वय चौदा, मेंढ्या दुसऱ्याच्या, घोंगडी तेवढी स्वतःची,
पायांत दोन वेगवेगळे गमबूट.
रात्री कंदिलाच्या वर्गाला येतो,
हातचा घ्यायला नेमका विसरतो.
कुंपणावर हनुवटी टेकवून तो आमची फजिती बघत होता.

"बाई, तुम्ही त्यांचा श्वास कोंडलात.
कोरडी थंडी सोसतात त्या, ओल नाही सोसत.
वारा त्यांच्या अंगावर नको,
डोक्यावरून जाऊ दे.
आणि बसायला गोल दांडी कशाला?
गोल दांडी धरायची तर बोटं उघडी राहतात.
फळी द्या, चपटी.
कोंबडी बसली की
पोटाची पिसं बोटांवर पांघरून घेते."

बावीस वर्षं शिकवतेय मी.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी अख्खी सातवी ओढ्यावर.
गुडघाभर उंचीची दगडी भिंत रचली, मातीने लिंपली,
दार वाऱ्याकडून उगवतीकडे फिरवलं,
छपराखाली वीतभर मोकळी जागा, तिला जाळी.
फळ्या कुठून आणणार?
अडगळीतला मोडका बाक काढला.
त्यावर करकटकाने कोरलेलं,
कोपानो, आणि खाली एक बाण लागलेलं बदाम.
कोपानो सीमेपलीकडे खाणीत गेला,
त्याला आता किती वर्षं झाली.
त्याच्या नावावर एक लंगडी कोंबडी बसते
आणि कुणाला बसू देत नाही.

त्या रात्री बॅटरी घेऊन गेले.
सव्वीस गोळे, शेजारी शेजारी.
खाली वाकून पाहिलं.
बोट एकही दिसेना.

नंतर कुणी मेलं नाही.
ऑगस्टमध्ये एका दिवशी चौदा अंडी झाली
आणि मामोलेफी बाईंनी उगीचच घंटा वाजवली.

न्थातुवाने मात्र भर वर्गात हात वर केला.
"बाई, आपल्या वर्गाला वरून फट कुठाय?"
साठ पोरं. खिडक्यांना पुठ्ठे. भिंतींना घाम.
मागच्या बाकावरून खोकला सुरू होतो
आणि पुढच्या बाकापर्यंत येतो.
तिने खाली सिमेंटकडेही पाहिलं,
पण त्याबद्दल काही विचारलं नाही.
मी म्हटलं, पान अठ्ठावन्न काढा.

रात्री सेकाकेला गणित घातलं,
एकतीस कोंबड्या, पाच गेल्या, उरल्या किती?
तो बराच वेळ कंदिलाकडे बघत राहिला.
मला वाटलं, पुन्हा हातचा अडला.
"कोणत्या पाच?" त्याने विचारलं.
कळपातलं मेंढरू गेलं की
मालकाला आकडा सांगून चालत नाही म्हणे,
कोणतं ते सांगावं लागतं,
कपाळावर चांदवा असलेलं की कान फाटलेलं.

एक मंत्री, मी म्हटलं.
बाकी चौघींचं मला सांगता येईना.
न्थातुवाला ठाऊक असेल.
उद्या विचारते.